घरची चिमणी रानात गेली का?

प्रश्न : आमची शेती माण तालुक्यात आहे. फेब्रुवारी-मार्चपासून बांधावरच्या हिवरावर आणि बाभळीवर चिमणीसारखाच एक पक्षी दिसतो. आकार चिमणीचा, रंग मातकट, पण गळ्याखाली पिवळा ठिपका. तो घराकडे कधी फिरकत नाही. आमच्या माळवदाच्या जुन्या घरात चिमण्यांची घरटी असायची. स्लॅबचं घर बांधल्यापासून त्या दिसेनाशा झाल्या. त्याच चिमण्या रानात जाऊन अशा झाल्या का? आजोबा म्हणतात, ही पहिल्यापासून रानातच आहे. — एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : आजोबांचं म्हणणं खरं आहे. तुमच्या हिवरावर बसते ती घरातून उठून गेलेली चिमणी नव्हे. ती वेगळ्या जातीचीच चिमणी आहे. पक्ष्यांवरच्या मराठी पुस्तकांत तिला रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी म्हणतात. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकोलिस. आपली घरची चिमणी म्हणजे पॅसर डोमेस्टिकस. दोघींचं कुळ एक, प्रजाती मात्र निरनिराळ्या. रानचिमणीच्या प्रजातीतल्या बाकीच्या जाती आफ्रिकेतल्या कोरड्या झाडीत राहतात. भारतात या प्रजातीची ती एकटीच.

तुम्हाला अशी शंका का आली, ते मात्र समजण्यासारखं आहे. घरची चिमणी माणसाच्या आधाराने जगते. माळवदाच्या तुळया, वळचणी, गोठ्याच्या आढ्यातली फट, भिंतीवरच्या तसबिरीमागची जागा ही तिची घरट्याची ठिकाणं. अंगणात दाणे निवडले जायचे, दारात कडबा असायचा, उकिरड्यावर किडे मिळायचे. घरं बदलली, तशी यातली बरीच ठिकाणं गेली. एका बाजूला घरातली चिमणी दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूला बांधावरची नजरेत भरली, की दोन्हींची सांगड घालावीशी वाटणारच. पण जागा बदलली म्हणून पक्ष्याची जात बदलत नाही. घरची चिमणी माळावर राहायला गेली, तरी तिच्या पिल्लांच्या गळ्याला पिवळा ठिपका येणार नाही.

आता दोघींतला फरक नीट पाहू, कारण एकदा तो डोळ्यांत बसला की गफलत होत नाही. घरचा चिमणा तुम्हाला माहीत आहेच : राखाडी टाळू, डोक्याच्या बाजूला तांबूस तपकिरी रंग, हनुवटीपासून छातीपर्यंत काळा डाग आणि पाठीवर ठळक काळ्या रेघा. रानचिमणीच्या अंगावर अशी एकही काळी रेघ नाही. पाठ सलग, राखट तपकिरी. पोट मळकट पांढरं. नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा असतो आणि त्याखाली पंखावर आडवी पांढरी रेघ उठून दिसते. तिच्याखाली आणखी एक फिकट रेघ असते. गळ्यावरचा पिवळा डाग हनुवटीला टेकलेला नसतो. तो थोडा खाली, गळा आणि छाती जिथे मिळतात तिथे असतो. पक्षी मान आखडून बसला की तो झाकला जातो. म्हणूनच पुष्कळांनी ही चिमणी अनेकदा पाहिलेली असते, पण पिवळा गळा पाहिलेला नसतो. मान वर करून गायला लागला, की मात्र तो खालून स्वच्छ दिसतो.

मादीच्या खांद्यावरचा तांबूस रंग फिका आणि गळ्याचा पिवळाही पुसट, काहींत तर नाहीच म्हणावा इतका. अशी मादी एकटी दिसली तर ओळखायची कशी? चोच पाहा. घरच्या चिमणीची चोच आखूड आणि जाड असते. रानचिमणीची बारीक, निमुळती. दाणे फोडण्याबरोबर हिला दुसरंही एक काम असतं, ते पुढे येईलच. विणीच्या दिवसांत नराची चोच काळीभोर होते, एरवी ती तपकिरी असते. लांबीला हा पक्षी साडेतेरा-चौदा सेंटिमीटर, म्हणजे घरच्या चिमणीपेक्षा किंचित लहान आणि अंगाने सडपातळ.

आपल्या भागात घोटाळा करणारे पक्षी आणखीही आहेत. शाळूच्या पिकात हिवाळ्यात पिवळ्या पोटाच्या भारीट पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांचं सगळं पोटच पिवळं असतं, नुसता ठिपका नसतो. सुगरणीच्या अंगावर रेघा असतात. माळावर जमिनीला चिकटून चालणारी डोंबारी ही चंडोलांपैकी, ती झाडात घुसत नाही. रानचिमणी या सगळ्यांहून जास्त झाडात रमणारी. दाणे टिपायला ती खाली उतरते, उड्या मारत फिरते, पण जरा खुट्ट झालं की सगळा थवा भर्रकन जवळच्या झाडावर. तारेवरही ती बसते. आवाज चिमणीचाच, पण चिवचिवाटातला कर्कशपणा कमी आणि गोडवा जास्त. नर उंच वाळक्या फांदीवर बसून ‘चिलप-चलप-चोलप’ असं पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, भर दुपारच्या उन्हातसुद्धा.

या चिमणीचं खरं वेगळेपण आहे ते तिच्या घरट्यात. ती झाडाच्या ढोलीत घरटं करते. पण ढोली कोरण्याची ताकद तिच्या बारीक चोचीत नाही. म्हणून आधी दुसऱ्या कुणीतरी कोरलेली आणि सोडून दिलेली ढोली तिला लागते, नाहीतर फांदी मोडून, लाकूड कुजून आपोआप झालेलं भोक. आपल्याकडे हे कोरकाम करणारे मुख्यतः दोन. एक तांबट, ज्याचं ‘टुक टुक टुक’ उन्हाळ्यात वडा-पिंपळावरून दिवसभर ऐकू येतं. तांबट नरम, मेलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला वाटोळं भोक पाडतो. दुसरा मराठा सुतार. हा छोटा, ठिपक्या-ठिपक्यांचा, पिवळसर कपाळाचा सुतार पक्षी बाभूळ-हिवरासारख्या कोरड्या रानातल्या झाडांवर असतो. त्याच्या शास्त्रीय नावातही मराठ्यांच्या मुलखाचा उल्लेख आहे : मराटेन्सिस. १८०१ साली लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने ते दिलं. या दोघांनी एका हंगामात कोरलेली ढोली पुढच्या हंगामांत रानचिमणीच्या उपयोगी पडते. अशा ढोलीवर डोळा ठेवून असणारे इतरही आहेत. साळुंखी मोठ्या भोकाच्या शोधात असते, राखी वल्गुली लहान भोकाच्या. पोपट, पिंगळा आणि हुदहुद यांनाही ढोल्याच लागतात. ढोली हाताशी नसेल तर रानचिमणी भिंतीतलं भोक, लोखंडी पाइपाचं उघडं तोंड, खांबावरची पोकळ जागा अशा ठिकाणीही भागवून घेते.

मायणीच्या बाजूला एका अर्धवट वाळलेल्या कडुलिंबावर हे घरटं बांधणं मी जवळून पाहिलं आहे. भोक पुरुषभर उंचीच्या थोडं वर, फांदी तुटलेल्या जागी. मादी गवताची काडी आडवी धरून आली. काडी भोकाच्या रुंदीहून लांब. दोनदा ती कडेला अडकली. तिसऱ्या वेळी मादीने मान तिरकी केली, काडीचं एक टोक आधी आत सारलं आणि मागोमाग स्वतः शिरली. बाहेर आली, शेपटी झटकली आणि सरळ कुंपणाकडे गेली. तिथे बोरीच्या काट्यांना मेंढ्यांची लोकर अडकलेली होती. पाय रोवून, मान मागे खेचून तिने लोकरीचा झुपका ओढून काढला. एवढा वेळ नर वरच्या वाळक्या फांदीवर गात होता. त्याने एकही काडी आणली नाही. या जातीत ती रीतच आहे : घरटं मादी बांधते, अंडीही मादीच उबवते आणि नर जवळ बसून गातो. अंडी बहुधा तीन किंवा चार, हिरवट पांढरी आणि तपकिरी डागांनी भरलेली. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. आपल्याकडे उन्हाळा हा तिच्या विणीचा मुख्य हंगाम. तुम्हाला ती नेमकी त्याच दिवसांत का नजरेत भरते, त्याचं कारण हेच. त्या वेळी जोडी एका झाडाला धरून असते आणि नर बोलत असतो. पावसाळ्यानंतर ती थव्यांत मिसळते, खळ्यांवर आणि धसकटांच्या रानात उतरते. रात्री दाट बाभळीत मोठ्या संख्येने वस्तीला येते. तेव्हा घरच्या चिमण्याही सोबत असू शकतात आणि मग वेगळी म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचं आणखी एक ठिकाण असतं : फुललेली झाडं. पळस, पांगारा, काटेसावर फुलले की रानचिमणी मधासाठी त्यांच्यावर येते. नेपतीच्या लाल फुलांवरही येते. बारीक चोच इथे कामाला येते. फुलात डोकं घालताना कपाळाची पिसं परागांनी माखतात आणि मधाच्या चिकटपणाने ते पराग तिथेच बसतात. अशी माखलेली चिमणी पाहिली की पिवळ्या कपाळाची निराळीच जात आहे असं वाटतं. ती पुढच्या झाडावर जाते आणि पराग तिकडच्या फुलाला लागतात. परागीकरण म्हटलं की आपल्यापुढे मधमाशी येते, फार तर शिंजीर. या मातकट चिमणीकडून हे काम होतं, याची दखल आपण घेतलेली नाही. मला ते चुकीचं वाटतं.

तुमच्या तालुक्यात ती का दिसते, याचं उत्तर पावसात आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. कोयना, चांदोली, महाबळेश्वरच्या दाट, दमट जंगलात रानचिमणी राहत नाही. तिला हवी विरळ झाडी : मधेच बाभूळ, मधेच बोर, एखादा जुना कडुलिंब, बांधाला गवत आणि आजूबाजूला उघडी शेतं. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा तिच्या सोयीचा. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर लोक जातात ते रोहित पक्षी बघायला आणि दुर्बीण पाण्याकडे लावून बसतात. मागच्या बाभळीतही थोडा वेळ पाहावं. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरचं अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर ते उभं राहिलं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. हरणांसाठी ते नावाजलेलं आहे, पण त्याच्या कोरड्या उतारांवरची विरळ झाडी अशा चिमणीच्या सोयीची आहे.

या चिमणीचा मुलूख आपल्यापुरता नाही. पश्चिमेला इराण, इराक आणि तुर्कस्तानच्या आग्नेय टोकापर्यंत तो पसरला आहे. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानच्या उत्तर भागात ती उन्हाळ्यात पिल्लं काढायला जाते आणि हिवाळ्यापूर्वी निघते. तिकडच्या चिमण्या हिवाळा पाकिस्तान-भारतात काढतात. दुबई-मस्कतला नोकरीनिमित्त असलेल्या आपल्या मंडळींनी तिथल्या झाडांवर ही चिमणी पाहिली, तर ओळख पटायला हरकत नाही. आपल्या माणदेशातली मात्र दूर देशी जात नाही. दाणापाणी आणि फुलोरा पाहून आसपास हलते, इतकंच.

प्रश्न : डॉ. सलीम अलींनी लहानपणी मारलेली चिमणी ती हीच का? की ती घरचीच चिमणी होती? — एक वाचक, पलूस, जि. सांगली

उत्तर : हीच. पण तुमचा गोंधळ होण्याला कारण आहे. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या लहानपणात चिमण्यांच्या गोष्टी दोन आहेत आणि सांगताना त्या एकमेकींत मिसळल्या जातात.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. आई-वडील लवकर गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतल्या घरी भाच्यांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन होते. मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक होती आणि चिमण्या टिपणं हा त्याचा खेळ. एकदा त्याने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, हे मुलाच्या ध्यानात आलं. त्याने मामांना विचारलं. मामांनाही सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या भारतीय सभासदांपैकी होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. हे १९०८ च्या सुमाराचं.

सोसायटी तेव्हा फोर्टात अपोलो स्ट्रीटवर होती. तिची स्थापना १८८३ ची. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. मिलार्ड फिप्सन कंपनीत होते आणि सोसायटीचा कारभार सांभाळत. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा मेलेली चिमणी कागदात गुंडाळून साहेबासमोर उभा राहिला. साहेबाने त्याला हाकलून दिलं नाही, ही या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची बाब वाटते. मिलार्डनी चिमणी पाहिली आणि ती पीतकंठी आहे हे सांगितलं. मग कपाटांचे खण उघडून सोसायटीचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. चिमण्यांच्याही किती तऱ्हा असतात, ते मुलाने तिथे पहिल्यांदा पाहिलं. पुढे मिलार्डनी त्याला वाचायला पुस्तकं दिली, पक्षी सोलून जतन कसे करायचे ते शिकण्याची सोय केली. सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातच ही चिमणी ठेवली. ते ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या नावाने १९८५ साली प्रसिद्ध झालं.

दुसरी गोष्ट चेंबूरची, आणि ती घरच्या चिमणीची. तेव्हा चेंबूर हे मुंबईबाहेरचं गाव होतं. तिथल्या तबेल्याच्या भिंतीत एका मादीचं घरटं होतं आणि नर बाहेरच्या खुंटीवर राखण करी. मुलाने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर गेले, तरी प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. हे त्याने वहीत टिपून ठेवलं. जवळपास साठ वर्षांनी ती नोंद छापली गेली, तेव्हा जाणकारांना ती मोलाची वाटली. आज असा प्रयोग कुणी करू नये आणि कायद्यानेही करता येणार नाही. पण दहा वर्षांच्या मुलाने काय पाहिलं ते तारीखवार लिहून ठेवलं, त्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

तेव्हा तुमच्या पलूसच्या मुलांना सांगायचं तर असं सांगा : वहीत लिहिली गेली ती घरची चिमणी, आणि सोसायटीच्या दारापर्यंत घेऊन गेली ती रानातली, पिवळ्या गळ्याची.

प्रश्न : ही चिमणी शाळूचं नुकसान करते का? — एक शेतकरी, ता. जत, जि. सांगली

उत्तर : दाणे खाते. कणसात दाणा भरला की थवा उतरू शकतो आणि राखण करावी लागते, जशी सगळ्याच पाखरांची करावी लागते. पण वर्षभराचा हिशेब धरा. कापणीनंतर ती खाली सांडलेले दाणे आणि तणांचं बी वेचते. विणीच्या दिवसांत पिल्लांच्या चोचीत अळ्या आणि किडे घालते. थवा मोठा असेल तर गोफण, भुजगावणं, डबा वाजवणं एवढं पुरतं. जाळी लावून पकडू नका आणि विषारी दाणे तर टाकूच नका. ते होले, चित्तुर आणि कोंबड्याही खातात.

प्रश्न : २० मार्चला शाळेत चिमणी दिनाला मुलांना लाकडी खोकी दिली. बांधावर लावली तर रानचिमणी येईल का? — एक शिक्षिका, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो आणि त्यात आठवण निघते ती घरच्या चिमणीची. खोकी तिच्याच मापाने, तिच्याच सवयी पाहून केलेली असतात. रानचिमणी तयार भोक स्वीकारते, त्यामुळे खोक्यात येणं शक्य आहे. पण ते घराच्या भिंतीवर लावलंत तर घरचीच चिमणी येईल. रानचिमणीसाठी खोकं बांधावरच्या बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या खोडाला घट्ट बांधा. झुलतं टांगू नका. भोकाचं तोंड दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाकडे नको. भोक दीड इंचाहून मोठं ठेवलंत तर साळुंखी आत शिरायला बघेल. भोकाखाली बसायला दांडी ठोकण्याची पद्धत आहे, ती टाळा. चिमणीला तिची गरज नसते. कावळ्याला मात्र तिथे बसून आत चोच घालता येते.

तरीही मी म्हणेन, तुमच्या मुलांना खोक्यापेक्षा आधी झाडं दाखवा. तासगाव-कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागा वाढल्या, आटपाडीकडे डाळिंब आलं, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी दुष्काळी शिवारात पोचलं. लोकांच्या कष्टांना फळ आलं, ते चांगलंच झालं. पण बागेवर सावली पडते म्हणून बांधावरची बाभूळ जाते, आणि अर्धं वाळलेलं झाड तर काही कामाचं नाही म्हणून सगळ्यांत आधी तोडलं जातं. रानचिमणीच्या दृष्टीने तेच सर्वांत कामाचं झाड असतं. हिरव्यागार, ठणठणीत खोडात तांबट भोक पाडत नाही. त्याला मेलेलं लाकूडच लागतं. नवीन लावलेल्या रोपात ढोली व्हायला कित्येक वर्षं जावी लागतात, म्हणून वृक्षारोपणाने ही जागा लगेच भरून निघत नाही.

२०२० साली मिरज तालुक्यात भोसे गावाजवळचा एक वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात जाणार होता. तो चारशे वर्षांचा असल्याचं सांगितलं जात होतं. लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलण्यात आली. एवढ्या मोठ्या झाडासाठी माणसं उभी राहिली, याचं मला फार अप्रूप आहे. बांधावरच्या वाळक्या फांदीसाठी आंदोलन लागत नाही. जिथे ती कुणाच्या अंगावर किंवा तारेवर पडण्याची भीती नाही, तिथे सरपणासाठी तोडू नका, इतकं मालकाला सांगितलं तरी पुरे. आणि तोडायचीच असेल तर उन्हाळा जाऊ द्या.

शाळेसाठी करण्याजोगं एक काम सुचवतो. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरातली ढोल्या असलेली झाडं मुलांनी शोधावीत. प्रत्येक झाडाचं नाव, भोक जमिनीपासून किती उंचीवर आहे, फांदी जिवंत आहे की वाळलेली, भोकाचं तोंड कोणत्या दिशेला आणि तिथे कोणता पक्षी ये-जा करताना दिसला, हे वहीत लिहावं. झाडावर चढायचं नाही, भोकात काडी घालायची नाही. वीस-पंचवीस पावलांवर सावलीत गप्प बसलं की पुरतं. सकाळची वेळ बरी, आणि महिने फेब्रुवारी ते मे. नर गाताना दिसला तर मादी कुठून निघते आणि कुठे शिरते त्यावर लक्ष ठेवायचं, म्हणजे ढोली आपोआप सापडते. पुढच्या वर्षी त्याच वहीतून तीच झाडं पुन्हा पाहायची. नोंदी आमच्याकडे पाठवल्यात तर या सदरात जरूर छापू. पाठवताना गावाचं नाव लिहा, पण घरट्याची नेमकी जागा लिहू नका.